टवका कुठे उडतो?

रणगाड्याच्या 1/35 मापातल्या मॉडेलवर एक मिलिमीटरचा टवका रंगवला, की खऱ्या रणगाड्यावरचा साडेतीन सेंटिमीटर रंग उडाला असं आपण सांगत असतो. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा हा टवका मोठा. आता प्रदर्शनात मांडलेलं एखादं मॉडेल आठवा. तोफेच्या नळीवर, टरेटच्या म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाच्या बाजूंवर, चाकांवर, झाकणांवर असे शे-दीडशे टवके सारख्याच अंतरावर विखुरलेले असतात. खरा रणगाडा असा दिसायचा, तर कुणीतरी हातोडी घेऊन दिवसभर त्याच्यावर बसायला हवं. बघणारे मात्र 'काय खरं दिसतंय!' म्हणून मान डोलावतात, कारण टवके, गंज आणि चिखल दिसला की मेहनत दिसते.

मेहनत लपवता येणं ही या छंदातली वरची पायरी आहे. तिथवर पोचायचं तर आधी रंग कुठे उडतो, का उडतो आणि उडाल्यावर खाली काय दिसतं हे कळायला हवं. ब्रश, स्पंज आणि केसांचा स्प्रे यांचा नंबर त्यानंतर.

पण आधी तो 35चा आकडा. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन 'पँथर' रणगाड्याचं प्लास्टिक किट काढलं. ते मोटरवर चालायचं, त्यामुळे आत मोटर आणि बॅटरी मावणं भाग होतं. तेवढी जागा धरून जो आकार ठरला तो मोजला, तेव्हा खऱ्या रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा भरला. बॅटरीच्या सोयीने ठरलेलं हे माप पुढच्या किटांनी तसंच उचललं, आणि आज जगभर रणगाड्यांची मॉडेलं मुख्यतः 1/35 मापात निघतात. विमानवाल्यांचं 1/72 आणि 1/48, रेल्वेवाल्यांचं 1/87, तसं रणगाडेवाल्यांचं हे 1/35.

आकडा डोक्यात बसला की बरीच कामं सोपी होतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा. तो मॉडेलच्या ओल्या रंगात अडकला, की खऱ्या रणगाड्यावर अडीच मिलिमीटरची तार चिकटली म्हणायची. वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण या मापात पावणेदोन सेंटिमीटरची खडी होतो; म्हणून अंगणातली माती नुसती चाळून चिकटवली तर चिखल दिसत नाही, दगड दिसतात. रंगाच्या जाडीचंही तेच. लोखंडी यंत्रावरचा रंग अस्तरासकट 100 मायक्रॉन धरला, तर पस्तिसाव्या हिश्शात तो जेमतेम 3 मायक्रॉन उरतो. इतका पातळ हात मारणं कुणालाच जमत नाही. उलट मॉडेलवर 30 मायक्रॉनचा थर चढला आणि तो खरवडून टवका काढला, तर खऱ्या रणगाड्यावर एक मिलिमीटर जाडीचा रंग होता असं दिसतं. रंग पातळ का मारायचा, याला याहून वेगळं कारण लागत नाही.

आता अंतराचा हिशेब. मॉडेल आपण साधारण 30 सेंटिमीटरवरून बघतो. त्याला 35ने गुणलं की साडेदहा मीटर. म्हणजे रस्त्याच्या एका कडेला उभं राहून पलीकडच्या कडेचा रणगाडा बघावा तसं. चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाहून लहान कोनातला तपशील वेगळा ओळखता येत नाही. साडेदहा मीटरवर हा कोन सुमारे 3 मिलिमीटर भरतो. त्याहून बारीक टवका खऱ्या रणगाड्यावर असला तरी तिथून दिसणार नाही. मॉडेलवर या 3 मिलिमीटरचे 0.09 मिलिमीटर होतात. तेव्हा आपल्या कामाचे टवके बहुतेक 0.1 ते 0.5 मिलिमीटरच्या पट्ट्यात येतात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठा टवका काढायचा असेल, तर तिथे काय घडलं होतं हे सांगता आलं पाहिजे.

रंग काही आपोआप उडत नाही. बूट घासतात, अवजारं आपटतात, झाडाची फांदी ओरबाडते, पातळ पत्रा वाकतो आणि त्याच्यावरचा कडक रंग तडकतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन 'पँझर 4'मध्ये पाच जण असत. पायात जड बूट. ते रोज त्याच वाटेने चढायचे: मडगार्ड, पुढची पाटी, टरेटचं झाकण. त्या वाटेवर रंग झिजतो, झाकणाच्या कडेला आणि मुठीला तो जवळपास राहत नाही, चालकाच्या झाकणाभोवती घासल्याच्या खुणा दिसतात. मडगार्ड हा पातळ पत्रा. त्याचे कोपरे दुमडतात आणि तिथे टवक्यांचे पुंजके होतात. बाजूला टांगलेले 5 मिलिमीटर जाडीचे संरक्षक पत्रे झाडाझुडपांत अडकून खालच्या कडांना सोलले जातात. पहार, कुऱ्हाड, जॅक जिथे बांधलेले असतात तिथे ते काढता-घालताना चरे पडतात.

टरेटच्या बाजूचा मधला भाग मात्र घ्या. त्याला कोण हात लावणार? तोफेच्या नळीखाली, पेट्यांच्या मागे, कोनाड्यांत रंग शाबूत राहतो. चाकांवरच्या रबरी धावेला तर टवका उडूच शकत नाही, तिथे रंगच नसतो. तरी हातात स्पंज आला की लोक रबरावरही दोन ठिपके देतात! रबर जुनं झालं की करडं पडतं, कडांना कापलं जातं, धुळीने भरतं. एवढंच दाखवायचं.

टवक्याखाली काय दिसतं ते त्या रणगाड्याच्या इतिहासावर ठरतं. जर्मन रणगाडे 1943च्या सुरुवातीपर्यंत गडद करड्या रंगात असत. फेब्रुवारी 1943मध्ये हुकूम निघाला, की मूळ रंग गडद पिवळा करायचा आणि त्याच्यावर गरजेप्रमाणे हिरवे व तांबूस तपकिरी पट्टे मारायचे. म्हणजे 1942मध्ये कारखान्यातून निघालेल्या आणि नंतर पिवळ्या झालेल्या रणगाड्याचा टवका आधी करडा दिसेल. 1944चा रणगाडा असेल, तर पिवळ्याखाली थेट तांबडं अस्तर. हे अस्तर म्हणजे आपल्याकडे खिडकीच्या ग्रिलला मारतात तेच रेड ऑक्साइड, त्याचीच जात. पट्ट्यांचे रंग पलटणींना घट्ट लगद्याच्या रूपात मिळत. ते पेट्रोलमध्ये किंवा, पेट्रोल नसेल तर, पाण्यात कालवून फवाऱ्याने नाहीतर ब्रशने मारले जात. पाण्यात कालवलेला रंग पावसाने धुपतो हे उघड आहे. तेव्हा एकाच रणगाड्यावर पिवळा मूळ रंग घट्ट आणि हिरवा पट्टा विटलेला, हे अगदी खरं दिसतं. हिवाळ्यातला पांढरा रंग तर वसंतात धुऊन काढायचा म्हणूनच मारलेला असे. तो टवक्यांनी जात नाही, हळूहळू पुसट होत जातो.

अस्तराच्याही खाली पोलाद. ते चांदीसारखं चमकत असेल असं सगळ्यांनाच वाटतं. पण तापवून लाटलेल्या चिलखती पोलादावर मुळातच काळपट निळसर पापुद्रा असतो, आणि उघडं पडलेलं पोलाद दमट हवेत लगेच तपकिरी व्हायला लागतं. त्यामुळे टवक्यासाठी मॉडेलवाले काळपट तपकिरी रंग वापरतात. स्पॅनिश व्हालेहो कंपनीची 70.822 क्रमांकाची बाटली त्यासाठी जगभर खपते. खरी चकाकी असते ती सतत घासल्या जाणाऱ्या जागांवर: दात्याच्या चाकाचे दात, ट्रॅकच्या आतली चाकं फिरण्याची पट्टी, झाकणाची मूठ. तिथे रंग लावूच नये. चित्रकलेची 6बी पेन्सिल घासली, की ग्राफाइटची जी झळाळी येते तिच्यापुढे चंदेरी रंग खोटा दिसतो.

सगळी चिलखती वाहनं पोलादाची असतात असंही नाही. अमेरिकेच्या एम113 या सैनिकवाहू गाडीचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे. तिच्यावर तांबूस गंज ओघळलेलं मॉडेल मी दर प्रदर्शनात बघतो. अ‍ॅल्युमिनियम गंजून तांबडं होत नाही! तिचा टवका फिकट करडाच राहतो. ट्रॅक, अवजारं, बोल्ट पोलादी असल्यामुळे गंज फक्त तिथे.

हे सगळं मॉडेलवर उतरवण्याच्या रीती गेल्या पन्नासेक वर्षांत बदलत आल्या. 1970 आणि 80च्या दशकांत अमेरिकेचे शेपर्ड पेन आणि बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडन या दोघांच्या मॉडेलांनी बाकीच्यांना वाट दाखवली. तेव्हा भर असे तो कोरड्या ब्रशवर: ब्रशला फिकट रंग लावायचा, जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. त्याने तपशील उठून दिसतो, पण सगळ्या कडा पिठूळ होतात. 2000नंतर स्पेनमधल्या मिग हिमेनेझ आणि त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी टवके, तैलरंगांचे ठिपके, रंगद्रव्यांची पूड यांचा धडाका लावला. त्यातून नवीन बाटल्यांच्या कंपन्याच उभ्या राहिल्या. मॉडेलं देखणी झाली, यात शंका नाही. मात्र एका मॉडेलची दुसऱ्याने नक्कल करायची, दुसऱ्याची तिसऱ्याने, असं होत होत टवक्यांचीही एक फॅशन झाली आणि खऱ्या लोखंडाकडे बघणं मागे पडलं. मला विचाराल तर या छंदाचं खरं दुखणं हेच आहे.

रीतींपैकी सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात भरवशाची म्हणजे बारीक ब्रश. एक टवका जवळून बघू. जागा: मडगार्डाचा पुढचा कोपरा, मूळ रंग पिवळा. त्याच पिवळ्यात थोडा पांढरा मिसळून तो दोन छटा उजळ करायचा आणि 000 क्रमांकाच्या ब्रशने कडेला धरून एक वेडावाकडा डाग काढायचा. गोल नको, चौकोनी नको. दातेरी कडेचा, एका बाजूला निमुळता. हा झाला वरवरचा ओरखडा, रंग खरचटला पण फाटला नाही. तो वाळला की त्याच्या पोटात काळपट तपकिरी डाग, पहिल्यापेक्षा लहान. तो भरताना खालच्या कडेला उजळ पिवळ्याची केसाएवढी रेघ शिल्लक ठेवायची. उजेड वरून पडतो, तो टवक्याच्या खालच्या काठावर अडतो आणि काठ उजळतो. ती रेघ दिसली, की डोळ्याला रंगाची जाडी भासते. जाडी नसलेल्या रंगाला अशी जाडी देता येते, म्हणून हा ब्रशचा टवका खरवडलेल्या टवक्याहून अनेकदा खरा वाटतो. असे चार टवके काढायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. बरंच आहे ते. कंटाळा आला की माणूस थांबतो.

स्पंजाने काम झटपट होतं, आणि म्हणूनच ते बिघडतंही झटपट. किटच्या किंवा औषधांच्या खोक्यातला फोम कातरीने न कापता हाताने फाडायचा, म्हणजे कड अनियमित मिळते. तो चिमट्यात धरून रंगात टेकवायचा, कागदावर टिपत राहायचं, आणि कागदावर ठिपके दिसेनासे व्हायला लागले की मग मॉडेलवर. कडांवर ठीक, सपाट जागेच्या मध्यावर स्पंज नेलात तर रणगाड्याला देवी आल्या म्हणून समजा.

तिसरी रीत केसांच्या स्प्रेची. तिच्यामागचं रसायन साधं आणि गमतीचं आहे. केसांवरचा स्प्रे अंघोळीला निघून जावा लागतो, त्यामुळे त्यातली राळ पाण्यात विरघळणारी असते. मॉडेलवर आधी खालचा रंग द्यायचा, म्हणजे तांबडं अस्तर किंवा गंजाची छटा. तो लॅकरचा हवा, किंवा त्याच्यावर वॉर्निशचा हात हवा, कारण पुढे पाण्याने घासायचं आहे. मग स्प्रेचे दोन पातळ हात. वाळल्यावर वरून अ‍ॅक्रिलिकचा मूळ रंग, पातळ. अ‍ॅक्रिलिकचा ताजा थर वाळलेला वाटला तरी पुरता घट्ट झालेला नसतो. त्यातून पाणी झिरपतं आणि खालच्या राळेपर्यंत पोचतं. राळ फुगते, विरघळते, वरच्या रंगाचा आधार सुटतो. तासाभरात कोमट पाण्याने तो भाग ओला करायचा, मिनिटभर थांबायचं आणि आखूड ताठ केसांच्या ब्रशने किंवा टूथपिकच्या टोकाने घासायचं. रंग खरोखरच टवक्या-टवक्यांनी निघतो. वरचा रंग लॅकरचा असेल तर पाणी आत शिरत नाही आणि कितीही घासा, काही होत नाही. रात्रभर वाट बघितली तरी काम अवघड होतं. अ‍ॅक्रिलिकमध्येही फरक आहे: तामियाचा रंग बारीक तुकड्यांनी सुटतो, व्हालेहोचा प्लास्टिकच्या कागदासारखा सलग पापुद्र्याने. हिवाळ्यातला धुपणारा पांढरा रंग दाखवायला याच्याइतकी चांगली रीत नाही. बाजारात यासाठी खास द्रावणांच्या बाटल्या मिळतात. त्यांचा परिणाम जास्त आटोक्यात राहतो. घरातला स्प्रे वापरणार असाल तर ज्याचा आहे त्याला विचारून वापरा.

मिठाचीही एक रीत आहे. ओल्या पृष्ठभागावर जाडं मीठ भुरभुरायचं, वाळू द्यायचं, वरून रंग फवारायचा आणि मीठ झाडून टाकायचं. मोठ्या, सडलेल्या पत्र्यासाठी ती बरी. चालत्या रणगाड्यासाठी मिठाचा खडाच मुळी मोठा पडतो.

टवके झाले, की त्यांना बाकीच्या अंगात मुरवावं लागतं, नाहीतर ते वरून चिकटवल्यासारखे राहतात. मॉडेलवर चकचकीत वॉर्निशचा हात देऊन गडद तपकिरी तैलरंग थिनरमध्ये पाण्याइतका पातळ करायचा आणि बारीक ब्रशने रिव्हेटच्या बुडाशी, जोडाच्या रेघेत टेकवायचा. केशाकर्षणाने तो रेघेत आपोआप धावत जातो. चकचकीत थरावरच हे नीट होतं. खडबडीत मॅट रंगावर तो डागासारखा पसरतो. कॅमलच्या तैलरंगाची बर्न्ट अंबर ही एक ट्यूब बरीच वर्षं पुरते. थिनरबाबत मात्र जपायला हवं. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन जोडांत साठून राहिलं, तर ताणाखालचं प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. थोडं घ्यायचं, आणि साचलं तर टिपून काढायचं. ओघळ दाखवायचे असतील तर टवक्याच्या खालून तैलरंगाची बारीक उभी रेघ काढून थिनरने ओलसर केलेल्या चपट्या ब्रशने ती खाली ओढायची, दिसेल-न दिसेल इतकीच. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लॅकर फवारू नये; हवेतला दमटपणा ओल्या थरात उतरतो आणि रंगावर पांढुरका धुरकटपणा येतो. पिगमेंटची पूड लावताना तोंडाला मास्क हवा, ती फुप्फुसात गेलेली चालत नाही.

आता एक खरा रणगाडा घेऊ, म्हणजे हे सगळे नियम कुठे लागू होतात आणि कुठे नाही ते कळेल. सप्टेंबर 1965चं भारत-पाकिस्तान युद्ध, पंजाबात खेमकरणजवळचं असल उत्तर. 8 ते 10 सप्टेंबर या तीन दिवसांत पाकिस्तानच्या चिलखती डिव्हिजनचे पॅटन रणगाडे इथे अडवले गेले. आपल्या बाजूला 3 कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शर्मन, 8 कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-13 आणि जीपवर बसवलेल्या 106 मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफा होत्या. त्यातल्याच एका तोफेवर 4 ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद 10 तारखेला धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले. शेतात ऊस उभा होता आणि आपल्या सैन्याने शेतं पाण्याखाली घातली होती. 45 टनांच्या घरातले पॅटन त्या चिखलात रुतले. लढाईनंतर पकडलेले रणगाडे भिखीविंडला एकत्र उभे केले, त्या जागेला 'पॅटन नगर' नाव पडलं.

आपलं मॉडेल एम48 पॅटनचं. खरी रुंदी 3.63 मीटर, या मापात सव्वादहा सेंटिमीटरच्या जरा पुढे. किट विकत घेताना एवढं बघा, की सहज मिळणारी किटं बहुधा व्हिएतनाममधल्या एम48ए3ची असतात. ती डिझेल इंजिनाची आवृत्ती. 1965मध्ये पाकिस्तानकडे असलेले एम48 पेट्रोलवर चालत, आणि मागच्या इंजिनावरचं झाकण-जाळी वेगळी होती.

पॅटनचं अंग आणि टरेट दोन्ही ओतीव. लाटलेल्या पाट्या जोडून केलेल्या जर्मन रणगाड्याला जशा धारदार कडा असतात तशा याला नाहीत. सगळं गोलाईदार आणि किंचित खडबडीत. कड नसली की टवक्यांची नेहमीची जागाच जाते. अंगावर टवके जवळपास नाहीतच, बुटांनी घासून पडलेले फिकट पट्टे आहेत. टवके द्यायचे ते मडगार्ड, त्यांच्यावरच्या पत्र्याच्या पेट्या, दिव्यांचे पिंजरे, झाकणांच्या कडा यांच्यावर. ओतकामाचा पोत मात्र किटमध्ये बऱ्याचदा गुळगुळीत असतो. तो पुटीचा पातळ लेप आखूड ब्रशने टिपत टिपत उठवावा लागतो. ट्रॅकमध्येही फसगत होते. पॅटनच्या ट्रॅकच्या ठोकळ्यांवर व्ही आकाराचे रबरी कंगोरे असतात, म्हणजे जमिनीला लागतं ते रबर. तिथे ग्राफाइट घासून पोलादी चमक आणणं चूक. चमकतात ती दोन ठोकळ्यांना जोडणारी कडेची कडी आणि मधले दात.

रणगाड्याचं वय बघा. एम48चं उत्पादनच 1952मध्ये सुरू झालं. सैन्याच्या गाडीखान्यात निगा राखलेला, फार तर बारा-तेरा वर्षांचा रणगाडा. त्याला खोलवर गंज असायचं कारण नाही. 8 तारखेच्या सकाळी त्याच्यावर काय असेल? रंग जरा विटलेला, वरच्या भागावर धूळ, चाकांत ओला चिखल. हा चिखल पंजाबच्या गाळाच्या मातीचा, फिकट तपकिरी. आपल्या डोळ्यात बसलेली विदर्भ-मराठवाड्याची काळी माती इथे चालणार नाही. ओला असताना गडद आणि ओलसर चमकीचा, वाळला की दोन छटा फिकट आणि मॅट. खालच्या थरात वाळलेला, वरून ताजा, असे दोन-तीन थर दिले की चिखलाला दिवस मिळतात.

त्याच रणगाड्याला 11 तारखेचा करायचा असेल तर? रुतलेला, जवान सोडून गेलेले. पोटापर्यंत गाळ, दात्याच्या चाकात आणि दिव्याच्या पिंजऱ्यात अडकलेली उसाची पाती, झाकणं उघडी. आणि अंगावर चिखलाच्या बुटांचे ठसे, कारण माणसं घाईने उतरली, चढली, वाकून आत बघून गेली. हे ठसे माझ्या मते शंभर टवक्यांहून जास्त काही सांगतात, आणि ते फारसे कुणी दाखवत नाही.

जळालेला पॅटन ही निराळीच गोष्ट. आग लागली की रंग जळून पांढुरकी राख होतो, पोलाद पूर्ण उघडं पडतं आणि उघडं पोलाद दोन-चार दिवसांत भडक नारिंगी होतं. गंज ताजा असतो तेव्हा नारिंगी, जुना झाला की गडद चॉकलेटी. हा क्रम लोक बरोबर उलटा रंगवतात. चाकांवरचं रबर जळून जातं, ट्रॅकचंही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: चाकांना तोलून धरणाऱ्या टॉर्शन बारचं पाणी आगीने उतरतं, त्यामुळे रणगाडा खाली बसतो. तेव्हा जळालेलं मॉडेल करायचं तर रंगाचा डबा उघडण्याआधी, जोडणी करतानाच, चाकांचे दांडे वर फिरवून अंग जमिनीजवळ आणायला हवं. नुसता नारिंगी रंग मारून उंच उभा राहिलेला जळका रणगाडा ओळखीच्या माणसाला लगेच खटकतो.

1965नंतर पॅटन देशभरच्या छावण्यांत आणि चौकांत विजयचिन्हं म्हणून उभे राहिले. मॉडेल करणाऱ्याला साहजिकच वाटतं, की खरा नमुना समोर आहे, बघून रंगवू. तिथेच फसायला होतं. उघड्यावरच्या रणगाड्याला ठरावीक काळाने रंग द्यावा लागतो. तो देणारा रबर, काच, कॅनव्हास असा भेदभाव करत नाही. एकावर एक बसलेल्या थरांचे पोपडे निघतात, पावसाळ्यांनी ओघळ काढलेले असतात, सांध्यात पाणी साचून पत्रा सडलेला असतो. हे कित्येक वर्षांच्या उभं राहण्याचे परिणाम आहेत, लढाईशी त्यांचा काही संबंध नाही. चौकातल्या पॅटनचं, कठड्यासकट आणि कबुतरांसकट, मॉडेल कुणी केलं तर मी ते आनंदाने बघेन. फक्त त्याच्याखाली 'असल उत्तर, 1965' अशी पाटी लावू नये.

अहिल्यानगरचं, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचं, 1994मध्ये सुरू झालेलं कॅव्हलरी टँक म्युझियम महाराष्ट्रातल्या मॉडेलवाल्याने एकदा तरी पाहावंच. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे. पॅटन आणि सेंच्युरियन, विजयंता, ब्रिटिश चर्चिल, जपानी चि-हा असे रणगाडे तिथे हाताच्या अंतरावर उभे आहेत. वेल्डिंगची रेघ किती जाड, ओतकामाचा पोत किती खरखरीत, झाकणाचं बिजागर कसं, हे तिथे शिकायचं. रंगाकडे मात्र दुर्लक्ष करायचं.

रंग शिकायला जवळच्या एखाद्या बांधकामावर जा आणि कामावरचा जेसीबी बघा. तो रोज राबणारा, पोलादी आणि योगायोगाने पिवळाच आहे. चालक जिथून चढतो त्या पायरीचा रंग गेलेला असतो, दाराच्या मुठीभोवती काळपट डाग असतो, बकेटचे दात लखलखीत आणि बकेटचा माथा तपकिरी असतो. आणि केबिनच्या बाजूच्या मोठ्या सपाट पत्र्यावर, जिथे कुणाचाच हात लागत नाही, तिथे रंग जवळपास नव्यासारखा असतो. मोबाइलवर पाच-सहा फोटो काढा, चालकाला आधी विचारून. मग घरी येऊन तुमच्या मॉडेलवर त्या सपाट पत्र्याच्या जागी किती टवके काढलेत ते मोजा, आणि मूळ रंगाची बाटली उघडून त्यातले निम्मे बुजवून टाका.